वायर न लावता कॅल्क्युलेटरमधून कॅल्क्युलेटरमध्ये

आमचं रेडिओ मॉड्यूल कॅल्क्युलेटरच्या सिरियल पोर्टला, म्हणजे माहितीची वायर लावण्याच्या जागी, जोडलं जातं. दोन कॅल्क्युलेटर, दोन मॉड्यूल. वापरण्याआधी हे पान एकदा वाचा, विशेषतः सेलबद्दलचा भाग.

१९९० साली आलेल्या एचपी ४८ एसएक्स या कॅल्क्युलेटरमध्ये इन्फ्रारेडची, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाने माहिती पाठवण्याची, सोय होती. पण दोन्ही यंत्रांवरच्या त्रिकोणी खुणा समोरासमोर आणून, जेमतेम दोन इंच अंतरावर, टेबलावर न हलवता ठेवावी लागत. वेगही सेकंदाला २४०० बिटच. रेडिओला समोरासमोर असण्याची गरज नाही. एकाच खोलीत दोन टोकांना बसूनही प्रोग्राम पाठवता येतो.

मॉड्यूलमधली चिप २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि एका वेळी माहितीचं ३२ बाइटचं पाकीट पाठवते. पलीकडून पोच आली की पुढचं पाकीट निघतं. पोच आली नाही तर तेच पुन्हा जातं. ३२ किलोबाइट पाठवायचे तर अशी १०२४ पाकिटं होतात. रेडिओला हे एक-दोन सेकंदांचं काम आहे, पण सिरियल पोर्टचा कमाल वेग सेकंदाला ९६०० बिट, त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतोच. मॉड्यूल अडकलंय असं समजून मध्येच काढू नका.

आता सेल. पाठवताना चिप सुमारे ११ मिलिअँपिअर घेते आणि नुसती ऐकत बसली तर १३. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणं महाग! कधी काय येईल सांगता येत नाही, म्हणून रिसीव्हर सतत जागा राहतो. रिसीव्ह चालू ठेवून विसरलात तर एएए सेल तीन-चार दिवसांत संपतात. झोपेत मात्र चिपला एक मायक्रोअँपिअरसुद्धा लागत नाही. म्हणून काम झालं की बटण बंद करा, ही आमची कळकळीची विनंती.

तीच पाकिटं पुन्हापुन्हा पाठवली जाऊ लागली की आधी हात बघा. अँटेना मॉड्यूलच्या टोकाला आहे. मुठीत झाकली गेली तर सिग्नल हातच खातो. वायफाय राउटर किंवा चालू मायक्रोवेव्ह जवळ असेल तर जागा बदला, नाहीतर दोन्हीकडे चॅनेल (रेडिओची वारंवारता) बदला. एकीकडेच बदललंत तर दोघांची गाठच पडणार नाही.

पाठवलेला मजकूर गुप्त राहत नाही. जोडीचा पत्ता (तिची ओळख सांगणारा आकडा) आणि चॅनेल माहीत असलेलं दुसरं मॉड्यूल तो ऐकू शकतं, म्हणून खाजगी आकडे असे पाठवू नका. परीक्षेला जाताना तर मॉड्यूल घरीच ठेवा. पकडलं गेलं तर वर्षभराची मेहनत वाया जाईल.

दुरुस्तीला आणताना जोडीतली दोन्ही मॉड्यूल आणा. जोडीचा पत्ता दोन्हीकडे साठवलेला असतो, एकावरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही.