दगडावरचा पट्टेवाला आणि जवळ आलेला समुद्र

पाठीच्या मागच्या भागावर आडवे पट्टे, ताठ शेपटी, तोंड कुत्र्यासारखं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मुरुजुगाच्या, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या आणि लगतच्या बेटांवरच्या दगडांवर कोरलेला हा प्राणी म्हणजे थायलासिन. लोक त्याला टास्मानियन वाघ म्हणतात, पण वाघाशी त्याचं नातं पट्ट्यांपुरतंच. खरं गोत्र कांगारूचं, पिल्लू पिशवीत वाढवणाऱ्यांचं.

माणसाच्या ताब्यातला शेवटचा थायलासिन १९३६ साली टास्मानियात, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून मात्र तो सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीच गेला होता. म्हणजे चित्र निदान तेवढं तरी जुनं. रंगवलेल्या चित्रात कधी कोळसा सापडतो, त्यावरून वय काढता येतं. इथे दगडावर काही लावलेलंच नाही, उलट काढून टाकलंय. मग प्राणीच साक्षीदार. आपल्या रत्नागिरीच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांतही गेंडा आहे. आज कोकणात गेंडा शोधून दाखवा!

मुरुजुगात अशी चित्रं दहा लाखांच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. दगड काळपट तांबडा दिसतो तो वरच्या पातळ लेपामुळे. लोह आणि मँगनीजची ही पुटं हजारो वर्षं चढत जातात. खाली फिकट, झिजलेला थर असतो. कठीण दगडाने ठोकून वरचा लेप उडवला की फिकट रेघ उमटते. पुढे तिच्यावरही हळूहळू लेप चढतो, त्यामुळे गडद चित्र बहुधा जुनं. दगडही चिवट: हजार वर्षांत अर्धा मिलिमीटरसुद्धा झिजत नाही. शेजारच्या वायू आणि खत कारखान्यांच्या धुरातली आम्लं हा लेप खातील का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. २०२५ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी तो मिटलेला नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते समुद्राचं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली होती आणि इथून किनारा शंभरेक किलोमीटर लांब होता. आजची बेटं म्हणजे तेव्हाच्या कोरड्या मैदानातल्या टेकड्या. तेव्हा इथे कोरायचं तर कांगारू, एमू. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं, मैदान बुडालं आणि दगडांवर मासे आले, कासवं आली.