फाजिन: ताकद मोजायची कशी, हा जुना प्रश्न

चिनी मार्शल आर्ट्समधलं फाजिन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच सीन येतो, म्हातारे गुरुजी जरा कंबर हलवतात आणि चेला चार हात लांब जाऊन पडतो. मला स्वतःला तो सीन फाजिनचा पुरावा वाटत नाही, कारण चेला गुरुजींना ओळखतो, कुठे पडायचं तेही त्याला माहिती असतं. पण म्हणून फाजिनच खोटं आहे असंही नाही. हे बळ तपासायचं कसं यावर चीनमध्ये काहीशे वर्षं डोकं चाललंय आणि ती हिस्टरी बघितली की आजचे वाद नीट कळतात.

आधी शब्द. चिनी भाषेत ‘ली’ म्हणजे अंगातलं साधं बळ, बैलातही असतं ते. ‘जिन’ म्हणजे कमावलेलं बळ, आपण कमावलेलं शरीर म्हणतो ना तसं. ‘फा’ म्हणजे सोडणं. तर फाजिन म्हणजे कमावलेलं बळ एका क्षणात सोडणं. (वजनाच्या मापालाही आपल्या कानाला ‘जिन’च ऐकू येतं, साधारण 600 ग्रॅमचं, पण तो शब्द वेगळा.)

आता सरकार काय तपासायचं ते बघा. छिंग राजवटीत (1644 ते 1911) फौजी अधिकारी व्हायला परीक्षा असायची, ही पद्धत थेट तांग काळातली, सन 702 मध्ये सुरू झालेली. तिरंदाजी वेगळी व्हायची, पण ताकदीचे तीन पेपर होते, कडक धनुष्य ताणणं, जड भालातलवार फिरवणं आणि दगड उचलणं. तलवार 80, 100 आणि 120 जिनची, दगड 200, 250 आणि 300 जिनचा, म्हणजे सगळ्यात मोठा जवळजवळ 180 किलो! धनुष्य 8, 10 आणि 12 ‘ली’चं, हो, धनुष्याचा कडकपणा मोजायच्या मापाचं नावच ली. आणि गंमत इथेच आहे, या कडक धनुष्याच्या पेपरात बाण सोडायचाच नाही, नुसतं पूर्ण ताणून दाखवायचं. बंदुका येऊन कितीतरी वर्षं झाली तरी हे चालूच होतं, 1901 ला बंद झालं.

याच्या बरोबर उलट वाक्य ताईचीच्या जुन्या सूत्रांत आहे, बळ साठवायचं धनुष्य ताणल्यासारखं आणि सोडायचं बाण सुटल्यासारखं. त्याच जुन्या सूत्रांमध्ये असंही आहे की मूळ पावलात, सुटतं पायांतून, ताबा कमरेकडे आणि दिसतं बोटांत. परीक्षा ताणण्याची आणि ताईचीवाली माणसं विचार करतायत सोडण्याचा, माझ्या मते अख्ख्या विषयाची चावी हीच.

सोडणं तपासायचा एक जुना आणि फार सुंदर प्रकार मिंग राजवटीचा (छिंगच्या आधीची) सेनापती छी जिग्वांगच्या 16व्या शतकातल्या युद्धग्रंथात सापडतो. पाच फुटांच्या आसपास उंच लाकडी फळी, तिला पाच भोकं, डोळा, गळा, काळीज, कंबर आणि पाऊल यांच्या जागी, प्रत्येकात इंचभर आकाराचा लाकडी गोळा बसवलेला. सैनिक वीस पावलं लांब उभा, ढोल वाजला की भाला सरसावून धावत यायचं आणि गोळा भाल्याच्या टोकावर उचलून न्यायचा, असे पाचही. यात नुसता जोर लावून काय होणार, पळता पळता अख्खं अंग एका टोकात यायला लागतं. हाच सेनापती मुठीच्या लढाईबद्दल म्हणतो की मोठ्या युद्धात तिचा विशेष उपयोग नाही, पण हातपाय तयार व्हायला चांगली. त्याने दिलेल्या 32 पवित्र्यांतली बरीच नावं पुढे हनानमधल्या चेन गावच्या ताईचीत दिसतात.

भाल्याचं नातं तुटलं नाही कधी. चेन घराण्यात आजही तीन-चार मीटरची पांढऱ्या मेणलाकडाची लवचिक काठी झटकायला देतात. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा खांद्याने जोर लावला आणि काठी नुसती डुलली, टोक गोल गोल फिरत राहिलं. कंबर वळली, टाच दाबली गेली आणि हात सैल राहिला तरच तो झटका टोकापर्यंत जातो आणि टोक थरथरतं. काठी खोटं बोलत नाही, म्हणून मला ही सगळ्यात प्रामाणिक टेस्ट वाटते, फक्त ती उलटून मारत नाही एवढंच.

हपे प्रांताच्या त्सांगचौ भागातली बाजी ही लढण्याची शैली तर झटक्यासाठीच ओळखली जाते, पाय जमिनीवर आपटून कोपर आणि खांदा आत घुसवायचा. तिथला ली शूवेन (1864 ते 1934) भाल्यासाठीही प्रसिद्ध, त्याच्या एका शिष्याने शेवटचा सम्राट पूयी याला शिकवलं, दुसऱ्याने तैवानमध्ये राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक तयार केले.

1928 हे वर्ष महत्त्वाचं. चेन घराण्याचा ताईची गुरू चेन फाके बीजिंगला आला आणि यांग घराण्याची संथ ताईची बघितलेल्या लोकांना चेन ताईचीतला उघड झटका दिसला. त्याच वर्षी नानजिंगला केंद्रीय कुओशू (चिनी मार्शल आर्ट्सचं तेव्हाचं सरकारी नाव) संस्था निघाली आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय परीक्षा झाली, ओट्यावर समोरासमोर लढती, आणि एवढे जण जखमी झाले की शेवटच्या फेऱ्या खेळवल्याच नाहीत. 1936 ला कुओशूची टीम बर्लिन ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकं दाखवायला गेली, त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं तिथेच आपले देशी खेळ दाखवत होती, हे आठवलं की फार भारी वाटतं.

1950 च्या दशकापासून वूशूच्या (मार्शल आर्ट्सचं नवीन नाव) स्पर्धा पवित्र्यांच्या झाल्या, जज बघणार तर झटकाही बघण्यासारखाच व्हायला लागला, म्हणजे आवाज मोठा, थरथर मोठी, समोर माणूसच नाही. मग 1979 ला सरकारने काही ठिकाणी सांदाचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि पाडापाडी असलेल्या लढतींचा, प्रयोग सुरू केला आणि पुन्हा ओटा आला, 8 मीटर चौरस, 80 सेंटिमीटर उंच, एकाच राउंडमध्ये दोनदा खाली गेलात की राउंड गेला. समोरचा खरंच विरोध करतोय म्हटल्यावर ही टेस्ट मला पटते. पण हातात ग्लोव्ह्ज आणि कोपर मारायला बंदी, त्यामुळे बाजीवाला ज्या कोपरासाठी वर्षानुवर्षं पाय आपटतो तो कोपर त्या ओट्यावर अजूनही तपासला जात नाही.