डबल बेस आणि ब्लास्ट बीट: ठोके तेवढेच, वाटणी वेगळी

मेटल संगीत नव्याने ऐकणारे बरेच जण कुठल्याही सुसाट ड्रमिंगला सरसकट ‘डबल बेस’ (पेडलने वाजणाऱ्या मोठ्या बेस ड्रमवर दोन्ही पाय आलटून पालटून चालवणं) म्हणतात. त्यांच्यातलंच कुणी ड्रम शिकायला लागलं की पहिली मोठी खरेदी डबल पेडलची (एकाच बेस ड्रमवर दोन्ही पायांनी मारता येणाऱ्या पेडलच्या जोडीची) होते, कारण ब्लास्ट बीट, म्हणजे स्नेअर हा कडक आवाजाचा छोटा ड्रमही न थांबता वाजत राहणारा सुसाट ताल, वाजवायचा तर दोन पेडल लागणारच अशी पक्की समजूत असते. प्रत्यक्षात पारंपरिक ब्लास्ट एका पायावर वाजतो. उलट डबल बेस पूर्ण वेगात चालू असताना हात अगदी संथ चालू शकतात. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की रियाज कशाचा करायचा आणि पैसे कशावर घालायचे, हे दोन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

आधी हिशेब बघू. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला १८० मात्रांवर लावला आणि एका मात्रेत चार ठोके धरले, तर सेकंदाला १२ ठोके होतात. डबल बेसमध्ये हे बाराही ठोके बेस ड्रमवर पडतात: सहा उजव्या पायाचे, सहा डाव्या पायाचे, आलटून पालटून. हात तेवढ्या वेळात निवांत असतात. उजवा हात राइड या मोठ्या झांजेवर मात्रा धरून ठेवतो, डावा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर मारतो, म्हणजे दोन सेकंदांत जेमतेम तीन वेळा. पारंपरिक ब्लास्टमध्ये त्याच १२ ठोक्यांपैकी सहा उजव्या पायाला जातात आणि सहा डाव्या हाताला. किक (बेस ड्रमचा ठोका), स्नेअर, किक, स्नेअर, मध्ये उसंत नाही. उजवा हात प्रत्येक किकच्या जोडीला सिम्बलवर (झांजेवर) असतो.

उजव्या पायाचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, सेकंदाला सहा ठोके. बदलतो तो त्याचा जोडीदार. डबल बेसमध्ये डावा पाय, ब्लास्टमध्ये डावा हात. मला ही वाटणी शिकणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यावी असं वाटतं, कारण पुढची जवळपास प्रत्येक अडचण तिच्यातूनच येते.

ऐकताना ओळखायची खूणही इथेच सापडते. कान किकवर ठेवू नका, स्नेअरवर ठेवा. खालून सतत धडधड येतेय पण स्नेअर मात्रेला धरून ठामपणे, अंतराअंतराने पडतेय आणि त्या ठोक्यावर मान आपोआप हलतेय, तर तो डबल बेस. स्नेअरच न थांबता कडाडतेय, मान नक्की कुठे हलवायची तेच कळत नाहीये, तर तो ब्लास्ट. गाणं ऐकूनच हे ताडून बघायचं असेल तर मेटॅलिकाचं १९८८ चं ‘वन’ लावा. उत्तरार्धात पाय मशीनगनसारखे सुटतात ते गिटारच्या बरोबरीने, आणि तो डबल बेस आहे. मग नेपाम डेथचा १९८७ चा ‘स्कम’ हा अल्बम लावा. तिथे स्नेअरला विश्रांतीच नाही.

दोन्हींची घराणीही वेगळी आहेत. दोन बेस ड्रम ही कल्पना जॅझमधली. लुई बेल्सन या अमेरिकन ड्रमरने शाळकरी वयातच तसा सेट कागदावर आखला होता, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात तो दोन बेस ड्रम घेऊन बसायचा. पुढे रॉकमध्ये जिंजर बेकर आणि कीथ मून यांनी ते उचलले. पण दोन्ही पाय गाणंभर अखंड चालवायचे आणि त्यावरच गाणं उभं करायचं, हे मोटरहेडच्या फिल टेलरने १९७९ च्या ‘ओव्हरकिल’मध्ये ठसवलं. १९८६ मध्ये स्लेयरच्या डेव्ह लोम्बार्डोने तीच गोष्ट थ्रॅश या जलद मेटल प्रकाराच्या वेगाला नेली.

ब्लास्ट आला तो हार्डकोर पंकमधून. पंकचा साधा, भराभर चालणारा ताल असतो, किक आणि स्नेअर एकाआड एक. तो ताणत ताणत इतका वेगवान केला की मात्राच पुसट झाली. एस.ओ.डी. या बँडच्या १९८५ च्या अल्बमवर चार्ली बेनांटेच्या हातून तो ऐकू येतो. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथमधल्या मिक हॅरिसने त्याला नाव रुळवून दिलं. ‘स्कम’च्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या संचांनी वाजवल्या आहेत, आणि दोन्हीकडे असलेला एकमेव माणूस म्हणजे हा ड्रमर. त्या रेकॉर्डमध्ये काय टिकाऊ होतं ते यावरून कळतं.

या दोन वाटा एकाच माणसात कशा येऊन मिळाल्या याचं उत्तम उदाहरण म्हणजे ड्रमर पीट सँडोव्हाल. टेररायझर बँडमध्ये असताना तो एका पायावर ब्लास्ट वाजवायचा. फ्लोरिडाच्या मॉर्बिड एंजलमध्ये आल्यावर त्याला डबल बेस शिकावा लागला. १९८९ च्या ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’वर दोन्ही आहेत. ब्लास्ट येत असलेल्या माणसालाही डबल बेस वेगळा शिकावा लागतो, हे एवढ्यावरूनच सिद्ध होतं.

डावा पाय

डबल बेसमध्ये सगळं अडतं ते डाव्या पायापाशी. उजवा पाय पहिल्या दिवसापासून किक मारत असतो. डाव्याने तोवर फक्त हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी) दाबलेली असते. त्यामुळे डाव्याचे ठोके हलके पडतात आणि किंचित उशिरा येतात. सलग धडधड ऐकू यायच्या ऐवजी ‘धडक धडक’ असं लंगडं ऐकू येतं. वाजवताना हे कळत नाही, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं की लगेच कळतं.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. मेट्रोनोम ८० वर लावायचा, मात्रेत चार ठोके धरायचे, आणि एक मिनिट डाव्या पायाने सुरुवात करून वाजवायचं. मग उजव्याने. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये. हे झालं की चार मात्रा दुगुन, चार मात्रा चौगुन अशी अदलाबदल करायची. तीन-चार बीपीएमहून (मिनिटाला मात्रा) मोठी उडी मारायची नाही.

स्टूलची उंची महत्त्वाची. मांड्या कमरेपासून गुडघ्याकडे थोड्या उतरत्या असाव्यात. स्टूल खाली राहिलं तर प्रत्येक ठोक्याला अख्खी मांडी वर उचलावी लागते आणि दोन मिनिटांत जांघा भरून येतात. टाचा वर ठेवायच्या. कमी वेगात पूर्ण पाय उचलून मारलं तरी चालतं. वेग वाढला की ते जमत नाही, मग हालचाल घोट्यातून यावी लागते. हा बदल होतो तो टप्पा, साधारण १४० ते १७० च्या दरम्यान, अनेकांना महिनोन्‌महिने सुटत नाही. पाय हळू मारायला फार मोठा आणि भराभर मारायला फार ताठ, अशी ती अवस्था असते. त्यावर जोर लावून काही होत नाही. घोट्याची छोटी हालचाल कमी वेगातच वेगळी बसवावी लागते, म्हणजे तो टप्पा आला की ती तयार असते.

आणखी एक: डावा पाय हाय-हॅटवरून निघाला की झांजा उघडतात. म्हणून डबल बेसच्या वेळी उजवा हात सहसा राइडवर जातो. हाय-हॅट बंदच हवी असेल तर ड्रॉप क्लच नावाचा छोटा भाग मिळतो, स्टिकने खटका मारला की वरची झांज खाली बसते.

डावा हात

ब्लास्टमध्ये हाच प्रश्न डाव्या हाताकडे सरकतो. सेकंदाला सहा ठोके मनगटाच्या जोरावर मारायला गेलं की कोपरापासूनचा हात दगड होतो. स्टिक अंगठा आणि तर्जनीमध्ये तोलून धरायची, आणि उरलेल्या बोटांनी ती मुठीकडे ओढून सोडायची. ठोका मारायचा नसतो, उसळी परत घ्यायची असते. स्टिक दोन-तीन इंचांहून वर जायला नको. कातड्यावर आणि रिमवर (कडेवर) एकाच वेळी मारायचा मोह टाळायचा आणि स्नेअरच्या मधोमध मारायचं, म्हणजे कमी उंचीवरूनही आवाज भरीव येतो.

ज्यांचे हात आधी ताशावर तयार झालेत, त्यांना हे लवकर जमतं. उसळीवर काडी खेळवणं त्यांच्या अंगात असतं. पाय मात्र कोरे असतात. पथकातून ड्रमसेटकडे आलेल्या मुलामुलींना मी म्हणूनच आधी ब्लास्ट शिका असं सांगेन, डबल बेस नंतर. तबला किंवा गिटारकडून आलेल्यांना तशी काही सवलत नाही.

ब्लास्टची ऐकू येणारी चूकही निराळी. स्नेअर दोन किकच्या बरोबर मध्यावर पडायला हवी. जरा पुढेमागे झाली की ठोके दोन-दोनच्या जोड्यांत गोळा होतात आणि घोड्याच्या टापांसारखं वाजायला लागतं. सुरुवातीला १०० वर, न थकता दोन मिनिटं समान अंतर राखता आलं तर पुढचं सोपं जातं. कोणत्याही टप्प्यावर हाताला मुंग्या आल्या किंवा नडगीत कळ आली, तर त्या दिवसापुरतं थांबा. थकवा आणि दुखणं यातला फरक शरीर स्पष्ट सांगतं.

कुठे काय वाजवायचं

शिकणाऱ्यांच्या बोलण्यात हा भाग फारच कमी येतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. डबल बेस घ्यायचा की ब्लास्ट, हे तुमच्या पायांनी ठरवायचं नाही, गिटारच्या रिफने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीने, ठरवायचं. तळहाताने तारा दाबून वाजवलेला, तुटक, ठसठशीत रिफ असेल तर त्याला डबल बेस हवा. प्रत्येक तुटक सुराखाली एक किक बसली की रिफला वजन येतं, आणि स्नेअर संथ असल्यामुळे ठेका शाबूत राहतो. तिथे ब्लास्ट घातला तर रिफचे कोपरे झिजून जातात. मधले मोकळे क्षण स्नेअरने भरून टाकले की ऐकणाऱ्याला रिफ कळतच नाही.

पिक (तारा छेडायची चकती) सतत खालीवर फिरत राहणारा, अखंड थरथरणारा रिफ असेल तर उलट होतं. १९९० च्या दशकातल्या नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमध्ये हे फार सुंदर ऐकू येतं. ड्रम प्रचंड वेगात असतात, पण वरचे सूर सावकाश बदलतात. काही वेळाने ब्लास्ट वेगवान वाटतच नाही, त्याचा एक सलग पडदा होतो आणि संगीत जवळजवळ स्थिर वाटतं. वेगातून संथपणा काढायची ही किमया डबल बेसला साधत नाही, कारण तिथली स्नेअर दर दुसऱ्या मात्रेला वेळ किती गेला ते सांगत राहते.

सीमारेषेवरचे प्रकारही आहेत. हॅमर ब्लास्टमध्ये किक, स्नेअर आणि सिम्बल एकाच क्षणी पडतात. ऐकायला ते जाडजूड लागतं, पण तिन्ही अवयव एकत्र पडले नाहीत तर प्रत्येक ठोका फाटल्यासारखा वाजतो. बॉम्ब ब्लास्टमध्ये वर हातांचा ब्लास्ट आणि खाली दोन्ही पायांचा डबल बेस, दोन्ही एकदम. गोंधळ सगळ्यात जास्त याच्यामुळे होतो, कारण दोन्ही नावं त्याला अर्धी-अर्धी लागू पडतात. डेथ मेटलमध्ये तो सर्रास असतो. मुंबईच्या गटस्लिटसारखा बँड समोर वाजवत असेल तर दोन गाणी फक्त ड्रमरच्या डाव्या हाताकडे बघा, आणि पुढची दोन पायांकडे. कधी एक चालू आहे, कधी दुसरं आणि कधी दोन्ही, हे लिहून समजावण्यापेक्षा बघून पटकन कळतं.

डबल पेडल कधी घ्यायचं? एका पायावर मात्रेत दोन ठोके १५० पर्यंत, आवाज न पडता, चार-पाच मिनिटं चालले की मग. तोवर सिंगल पेडलवर पारंपरिक ब्लास्ट आणि हॅमर ब्लास्ट, दोन्हींवर काम करता येतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या दृष्टीनेही हे सोयीचं आहे. हाताचा ब्लास्ट प्रॅक्टिस पॅडवर, पायाने नुसती जमीन दाबत, रात्री दहालाही करता येतो. पेडलचा हादरा मात्र लादीतून खालच्या मजल्यावर जातो, हेडफोन लावलेल्या इलेक्ट्रॉनिक सेटवरसुद्धा.

इलेक्ट्रॉनिक सेट घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच तपासावी. स्वस्तातल्या बऱ्याच सेटचा किक पॅड इतका अरुंद असतो की डबल पेडलचे दोन्ही बीटर (ठोका देणारे हातोडे) त्यावर नीट बसत नाहीत, एक कडेला घसरतो. आणि डबल पेडल जोडल्यावर डाव्या बाजूची स्प्रिंग उजवीइतकीच ताणून समाधान मानू नका. डावीकडचा ठोका मधल्या दांड्यातून फिरून बीटरपर्यंत पोचतो, त्यामुळे तीच स्प्रिंग डाव्या पायाला जरा जड लागते. डावी स्प्रिंग थोडी कमी-जास्त करून, दोन्ही पाय सारखेच हलके वाटेपर्यंत जुळवून घ्यायची.