कोरियन भाषेत ‘सा’ म्हणजे मृत्यू?

फिरणारा मजकूर असा: ‘कोरियन भाषेत चार आणि मृत्यू यांना एकच शब्द आहे, सा, म्हणून तिथे लिफ्टमध्ये चौथा मजला नसतो.’

यात निम्मं खरं आहे. काही इमारतींच्या लिफ्टमध्ये ४ ऐवजी ‘एफ’ लिहितात, हे खरंच. पण शब्द एक नाही, उच्चार एक आहे. दोन्ही शब्द चिनीतून आले. चिनी लिपीत चार 四 असा लिहितात, मृत्यू 死 असा. मँडरिन चिनीत आजही दोघांचे सूर वेगळे आहेत. आजच्या प्रमाण कोरियनमध्ये सूरभेद नाही आणि हंगुल लिपीत दोन्ही 사 असेच लिहिले जातात. गळ्यातला हार आणि सामन्यातली हार, तसंच हे.

शिवाय ‘सा’ एवढ्यावर थांबत नाही. ग्योंगजूच्या बुलगुक्सा मंदिरातला ‘सा’ म्हणजे मंदिर (寺), योक्सा म्हणजे इतिहास, त्यातला ‘सा’ 史. कंपनीला ह्वेसा म्हणतात, तिथला 社. डॉक्टर म्हणजे उइसा, त्यात तो 師. (डॉक्टरच्या नावात मृत्यू शोधणारेही भेटतात!) सारांग, म्हणजे प्रेम, यातल्या ‘सा’मागे तर चिनी अक्षरच नाही, तो शब्द देशी मानला जातो.

पडताळायचं असेल तर कोणत्याही ऑनलाइन कोरियन शब्दकोशात 사 टाका. चिनी मुळाच्या प्रत्येक नोंदीशेजारी तिचं चिनी अक्षर दिसेल. अक्षर वेगळं असेल तर शब्द वेगळा. 사과 शोधलंत तर सफरचंदही सापडेल आणि माफीही, दोन स्वतंत्र नोंदींत.