डॅफ्निया चाचणी

डॅफ्निया चाचणी : धुण्याची पावडर, भांड्यांचा लिक्विड साबण, ब्लीच, फिनेल अशी घरगुती रसायने जलचरांना किती घातक आहेत, हे डॅफ्निया मॅग्ना या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा कवचधारी प्राण्यावर तपासण्याची पद्धत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २०२ क्रमांकाची मार्गदर्शिका (सुधारित, २००४) प्रमाण मानतात.

पिल्ले २४ तासांच्या आतली हवीत. आदल्या संध्याकाळी माद्या वेगळ्या काढून रात्रीत झालेली पिल्ले सकाळी घेतात. पहिल्या वेताची टाळतात. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम रसायन विरघळवावे. त्यातले १० मिलि घेऊन १०० मिलि केले की तीव्रता प्रतिलिटर १०० मिग्रॅ होते. पुढे दरवेळी निम्मे द्रावण आणि तेवढेच पाणी मिसळत ५०, २५, १२.५ व ६.२५ पर्यंत उतरावे. प्रत्येक तीव्रतेला चार चंचुपात्रे, पात्रात पाच पिल्ले आणि किमान १० मिलि द्रावण. नुसत्या पाण्याचा नियंत्रण संच हवाच. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस, मुदत ४८ तास. खाद्य देत नाहीत. पात्र हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत न पोहणारे पिल्लू अचल धरतात. निम्मी पिल्ले ज्या तीव्रतेला अचल होतात ती ईसी५०.

नियंत्रण संचात १० टक्क्यांहून जास्त पिल्ले अचल झाली तर चाचणी रद्द. दोष बहुधा पाण्याचा असतो : नळाच्या पाण्यात क्लोरीन, तर आरओच्या पाण्यात क्षार नाहीत. काठिण्य प्रतिलिटर १४० ते २५० मिग्रॅ (कॅल्शियम कार्बोनेट) असावे. पिल्ले रुंद तोंडाच्या पिपेटने पाण्याखाली सोडावीत. वरून टाकली तर कवचात हवा अडकून ती तरंगत राहतात आणि विषबाधा झाल्यासारखी भासतात. साबणाचे द्रावण ढवळताना फेस होऊ देऊ नये.

ब्लीचचे आकडे सर्वांत फसवे. त्यातले सोडियम हायपोक्लोराइट उजेडात आणि सेंद्रिय पदार्थांमुळे विघटित होते. म्हणून उरलेले क्लोरीन सुरुवातीला व शेवटी मोजावे, बाटलीवरच्या टक्केवारीवर विसंबू नये. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर निव्वळ सामू घसरूनही पिल्ले मरतात. अशा वेळी सामू पूर्ववत केलेला दुसरा संच लावावा. ब्लीचचे आणि आम्लयुक्त क्लीनरचे द्रावण टाकून देताना एकत्र करू नये. क्लोरीन वायू सुटतो.