विया वेर्दे

विया वेर्दे : स्पेनमधील बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार केलेली, मोटारगाड्यांना मज्जाव असलेली सायकलची व पायी चालण्याची वाट. स्पॅनिशमध्ये ‘विया’ म्हणजे वाट आणि रेल्वेचा मार्गही. ‘वेर्दे’ म्हणजे हिरवा. अनेकवचन ‘वियास वेर्देस’. लिहिताना ‘व’ असला तरी स्पॅनिश माणसाच्या तोंडी तो ‘ब’कडे झुकतो. देशभरात अशा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर वाटा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक शेती, डोंगर व ओसाड माळ असलेल्या ग्रामीण भागातून जातात.

रेल्वेची वाट सायकलला सोयीची का पडते, याचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. जड गाडी ओढणाऱ्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्यामुळे अभियंते चढ शेकड्याला दोन-तीनच्या आत ठेवत, वळणे ऐसपैस घेत, डोंगर आडवा आला तर बोगदा खणत आणि दरी आली तर पूल बांधत. रूळ गेले, पण हा सगळा खटाटोप जागेवर राहिला. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंना पिशव्या लावून आठवडाभराचे सामान नेणाऱ्या सायकलस्वाराला त्याचा आयता लाभ होतो. मात्र ‘चढ नाही’ असे समजून निघणाऱ्याची फसगत होते. दोन टक्क्यांचा चढ डोळ्यांना दिसत नाही. तो वीस किलोमीटर चालला की मांड्यांना कळतो.

स्पेनची मुख्य रेल्वे ब्रॉडगेजची. तिच्या रुळांमधले अंतर १,६६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या भारतीय ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर कमी. खाणींच्या आणि डोंगराळ भागांतल्या गाड्या मात्र बहुधा नॅरो किंवा मीटर गेजवर धावत. रस्ते सुधारले, ट्रक आले, खाणी संपत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मार्ग एकामागून एक बंद पडले. १ जानेवारी १९८५ रोजी सरकारने तोट्यातले अनेक मार्ग एकदमच बंद केले. १९९३ मध्ये ‘फुंदासिओन दे लोस फेर्रोकार्रिलेस एस्पान्योलेस’ (स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान) या संस्थेच्या पुढाकाराने वापरात नसलेल्या मार्गांची मोजदाद झाली. तीत ७,६०० किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग, ९५४ स्थानके, ५०१ बोगदे आणि १,०७० पूल निघाले. त्याच वर्षी विया वेर्दे कार्यक्रम सुरू झाला. ‘विया वेर्दे’ हे नाव या प्रतिष्ठानाने नोंदणीकृत चिन्ह करून घेतले, त्यामुळे कुठल्याही कच्च्या रस्त्याला ते लावता येत नाही. देखभाल नगरपालिका, प्रांतिक मंडळे किंवा गावांनी मिळून केलेले संघ पाहतात. परिणामी एका वाटेवर गुळगुळीत डांबर, तर दुसरीवर दाबलेला मुरूम आणि पावसाने पाडलेल्या घळी, असा प्रकार आढळतो.

यांतली सर्वांत नावाजलेली वाट दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातली ‘विया वेर्दे दे ला सिएर्रा’. कादिस प्रांतातल्या प्वेर्तो सेर्रानोपासून ओल्वेरापर्यंत ३६ किलोमीटरच्या आसपास अंतर, तीस बोगदे आणि चार मोठे पूल. गंमत अशी की या टप्प्यावरून आगगाडी कधी धावलीच नाही. मिगेल प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत, १९२० च्या दशकात, खेरेस ते आल्मार्खेन असा मार्ग आखला गेला. भराव, बोगदे, स्थानकांच्या इमारती सारे उभे राहिले. मग पैसा आटला, यादवी युद्ध आले आणि काम कायमचे थांबले. ज्या स्थानकात कुणीच गाडीची वाट पाहिली नाही, तिथे आज सायकलस्वार मुक्काम करतात. सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरच्या जवळपास आहे, तेव्हा पुढचा दिवा हवाच. वाटेत पेन्योन दे साफ्रामागोन हा चुनखडीचा सुळका लागतो. त्याच्या कपारींत युरेशियन गिधाडांची मोठी वसाहत आहे आणि जवळच्या स्थानकाच्या इमारतीत पक्षी निरीक्षणाचे केंद्र चालते. दुपारी हवा तापली की गिधाडे सुळक्यावरून घिरट्या घालत वर चढतात. ती पाहायला तासभर थांबणे योग्य.

लांबीने पहिली आहे ‘ओखोस नेग्रोस’ची वाट. तेरुएल प्रांतातल्या ओखोस नेग्रोसच्या खाणींतले लोहखनिज भूमध्य समुद्रावरच्या सागुंतोला नेण्यासाठी रामोन दे ला सोता आणि एदुआर्दो आस्नार या बास्क उद्योजकांच्या कंपनीने १९०७ मध्ये स्वतःची मीटर गेज गाडी सुरू केली. शेजारूनच दुसऱ्या कंपनीची ब्रॉडगेज जात होती, पण मालवाहतुकीच्या दरावर सौदा जमला नाही. मग दोनशे किलोमीटरहून लांब नवा मार्ग त्याच प्रदेशात, कित्येक ठिकाणी अगदी समांतर, बांधला गेला. व्यवहार म्हणून हा हट्टच. सायकलस्वारांच्या दृष्टीने मात्र देणगी, कारण १९७२ मध्ये खाणीची गाडी थांबली आणि खनिज शेजारच्या मार्गावर गेले. शेजारची रेल्वे अजून चालू असल्यामुळे तेरुएलला गाडीने जाऊन समुद्राकडे उतरत यायची सोय आहे. आज सुमारे १६० किलोमीटर वाट सायकलने करता येते. एस्कांदोनच्या खिंडीत ती सुमारे १,२०० मीटर उंचीवर असते, तिथून बदाम, जैतून (ऑलिव्ह) आणि शेवटी संत्र्यांच्या बागांमधून खाली येते. उलट दिशेने जाणारेही असतात, त्यांना नमस्कार.

‘विया वेर्दे देल आसेइते’, म्हणजे तेलाची वाट, खाएनपासून कोर्दोबा प्रांतातल्या प्वेन्ते खेनिलपर्यंत सुमारे १२८ किलोमीटर जाते. तेल अर्थातच जैतुनाचे. खाएन प्रांतात जैतुनाची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत आणि क्षितिजापर्यंत एकाच झाडाच्या ओळी पाहून काहींना कंटाळाही येतो, हे मान्य करायला हवे. त्यावर उतारा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेले लोखंडी पूल. ते पॅरिसचा मनोरा उभारणाऱ्या आयफेलचे असल्याचे गावोगाव सांगितले जाते. त्या काळच्या बऱ्याच लोखंडी पुलांच्या नशिबी हे श्रेय आहे.

कॅटलोनियात जिरोना ते ओलोत ही ७५० मिलिमीटरच्या चिमुकल्या गेजची गाडी १९६९ मध्ये बंद झाली. तिची वाट आता ज्वालामुखींच्या प्रदेशातून जाते आणि जिरोनाहून पुढे तशाच दुसऱ्या बंद मार्गाने समुद्रकाठच्या सांत फेलिऊ दे गिशोल्सला पोहोचते. डोंगर ते समुद्र सलग असा प्रवास देणाऱ्या वाटा थोड्याच, त्यांतली ही एक. दक्षिणेकडे एब्रो नदीच्या खोऱ्यात वाल दे साफानचा मार्ग आहे. यादवी युद्धातल्या १९३८ च्या एब्रोच्या लढाईत जनरल फ्रँकोच्या बाजूने या अर्धवट मार्गाचा रसदीसाठी उपयोग केला. गाडी तोर्तोसाला पोहोचली ती युद्धानंतर, आणि १९७३ मध्ये एक बोगदा ढासळताच मार्ग बंद झाला. त्या बोगद्यांच्या गार काळोखातून जाताना हा इतिहास फलकांवर वाचायला मिळतो.

या सगळ्या वाटा जोडल्या तर स्पेन सायकलने पालथा घालता येईल, असा नकाशा पाहून समज होतो. प्रत्यक्षात त्या तुकड्यातुकड्यांत आहेत. जिथे रूळ अजून वापरात आहेत किंवा जमीन विकली गेली, तिथे वाट संपते आणि सायकलस्वार महामार्गाच्या कडेला येऊन उभा राहतो. स्थानके गावापासून दूर, कधी तीन-चार किलोमीटर खाली. रात्रीच्या जेवणासाठी तो सगळा चढ चढावा लागतो. आंदालुसियात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, वाटेवर सावली नसते आणि दुपारी दुकाने बंद असतात. म्हणून वसंत आणि शरद हेच खरे हंगाम. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, अतिवेगवान गाडीत मात्र ती सुटी करून पिशवीत भरावी लागते.

मधली भगदाडे भरायला इतर जुन्या वाटा उपयोगी पडतात. उत्तरेत कास्तियाचा कालवा आहे. १७५३ ते १८४९ या काळात खणलेल्या या २०७ किलोमीटरच्या कालव्यात गव्हाच्या नावा खेचणारी खेचरे काठाने चालत, तीच पायवाट आता सायकलची. त्याहून जुन्या आहेत ‘वियास पेकुआरियास’, म्हणजे मेंढपाळांच्या स्थलांतराच्या वाटा. कास्तियाचा राजा आल्फोन्सो दहाव्याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ संघाला सनद दिली, तेव्हापासून त्यांना राजाश्रय होता. त्यांतल्या मोठ्या वाटांची रुंदी सुमारे ७५ मीटर आणि साऱ्यांची मिळून लांबी सव्वा लाख किलोमीटर धरली जाते. बऱ्याच नांगराखाली गेल्या. उरलेल्यांना १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिले. त्या कायद्यात सायकलला मुभा आहे, पण पहिला हक्क जनावरांचा; कळप समोर आला की उतरून बाजूला व्हायचे.