दाट रहदारी (रांग सिद्धांत)

सेवेची क्षमता जवळजवळ पूर्ण वापरात आल्यावर रांग कशी वागते, याच्या अभ्यासाला रांग सिद्धांतात, म्हणजे रांगांच्या गणितात, ‘दाट रहदारी’ (इंग्रजीत ‘हेवी ट्रॅफिक’) ही संज्ञा आहे. ‘हेवी ट्रॅफिक’चे शब्दशः भाषांतर ‘जड वाहतूक’ असे होईल, पण त्याने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मालमोटारी येतात. म्हणून येथे ‘दाट रहदारी’ हा पर्याय घेतला आहे. तासाला येणारी कामे गुणिले एका कामाला लागणारे सरासरी तास, भागिले सेवा देणाऱ्या खिडक्यांची संख्या, म्हणजे भार. भार 1 च्या खाली पण अगदी जवळ असतो तेव्हा दाट रहदारी आहे असे म्हणतात.

रांग सिद्धांताचा उगम दूरध्वनी केंद्रांत आहे. श्रेय सहसा कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग (1878–1929) यांना दिले जाते. कॉल प्वासाँ वितरणानुसार, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक क्षणी, येतात असे त्यांनी 1909 च्या लेखात मांडले आणि 1917 मध्ये सर्व तारा गुंतलेल्या असण्याच्या संभाव्यतेचे व प्रतीक्षाकाळाचे सूत्र दिले. मात्र त्याच कंपनीचे संचालक योहानसेन यांनी 1907 मध्येच प्रतीक्षाकाळ आणि कॉलची संख्या यांवर लेखन केले होते. एर्लांग या प्रश्नाकडे वळले ते बहुधा त्यांच्यामुळेच. नॉर्वेच्या तोरे एंगसेट यांनी ग्राहक मोजकेच असतानाचे सूत्र 1915 च्या अहवालात मांडले. ते छापून आले 1918 मध्ये. योहानसेन यांनी प्रश्न ओळखला आणि एर्लांग यांनी तो संभाव्यतेच्या पायावर सोडवला, असे मानणे अधिक रास्त वाटते. दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला (एक तार सतत गुंतलेली ठेवणारी वाहतूक म्हणजे 1) ‘एर्लांग’ हे नाव 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले.

दाट रहदारीचा स्वतंत्र विचार जॉन किंगमन यांच्या 1961 च्या लेखापासून सुरू झाला असे धरतात. सोव्हिएत परंपरेत प्रोहोरोव यांचे 1963 चे काम याच दिशेचे, पण भार 1 कडे खालून वा वरून कसा सरकतो याचा अधिक व्यापक विचार करणारे आहे. एका खिडकीसाठी किंगमन यांचे अंदाजसूत्र असे : सरासरी प्रतीक्षा = [भ ÷ (1 − भ)] × [(क + ख) ÷ 2] × स. येथे भ म्हणजे भार आणि स म्हणजे सरासरी सेवाकाळ. क हा दोन आगमनांमधील अंतराच्या अनियमिततेचा आकडा (प्रमाण विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग) आणि ख हा सेवाकाळाचा तसाच आकडा. आगमने प्वासाँ व सेवाकाळ घातीय (बहुतेक कामे छोटी, थोडी फार लांब अशा वितरणाचा) असेल तर क आणि ख दोन्ही 1 होतात. मग भार 0.5 असताना प्रतीक्षा एका सेवाकाळाइतकी, 0.8 ला 4, 0.9 ला 9, 0.95 ला 19 आणि 0.99 ला 99 सेवाकाळांइतकी होते. प्रत्येक कामाला नेमका सारखाच वेळ लागला तर ही प्रतीक्षा निम्मी होते. म्हणून कर्मचारी वाढवणे शक्य नसेल तेथे सेवाकाळातील चढउतार कमी करणे हा खरा उपाय. कागदपत्रे अपुरी असलेल्यांना वेगळ्या खिडकीवर काढणे हे त्याचे साधे उदाहरण.

हे आकडे रांग स्थिरावल्यानंतरचे आहेत, आणि व्यवहारात नेमकी येथेच फसगत होते. रांग स्थिरावण्यास लागणारा काळ साधारणपणे 1 ÷ (1 − भ)² च्या प्रमाणात वाढतो. वरील घातीय रांगेत भार 0.95 असेल तर तो सुमारे 1,560 सेवाकाळ भरतो. एका कामाला एक मिनिट धरल्यास 26 तास. सकाळच्या दोन तासांच्या गर्दीला सरासरीचे सूत्र लावण्यात त्यामुळे अर्थ नाही. गर्दीत भार 1 च्या वर जात असेल तर साधी वजाबाकी पुरते. तासाला 60 वाहने सोडणाऱ्या नाक्यावर दोन तास 70 च्या दराने वाहने आली तर 20 वाहने साचतात, आणि नंतर आवक 50 वर उतरली तरी रांग संपायला आणखी दोन तास लागतात. सर्वांत लांब रांग दिसते ती गर्दीच्या शेवटी, ऐन भरात नव्हे. टोलनाक्यांवरील विलंबाचा लेस्ली एडी यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला अभ्यास 1954 मध्ये प्रसिद्ध झाला.

खिडक्या पुष्कळ असतील तर चित्र सौम्य होते. दूरध्वनीच्या तारा म्हणजेच खिडक्या धरल्या तर 10 तारांवर, फार तर 1 टक्का कॉल नाकारले जातील या अटीने, 4.46 एर्लांग वाहतूक सामावते. 100 तारांवर 84.1, म्हणजे दसपटीहून बरीच जास्त. हाफिन व व्हिट यांनी 1981 मध्ये दाखवलेल्या नियमानुसार वाहतूक जितके एर्लांग, तितके सेवक अधिक त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत राखीव सेवक ठेवावेत. 400 एर्लांगला 420 सेवक नेमले तर सुमारे 22 टक्के ग्राहकांनाच थांबावे लागते.

जाळ्यांत, म्हणजे एक काम अनेक रांगांतून जाते तेथे, मात्र प्रत्येक ठिकाणचा भार 1 च्या खाली असणे पुरेसे नाही. लू व कुमार यांनी 1991 मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रत्येक काम पहिल्या यंत्रावर, मग दुसऱ्यावर दोनदा आणि शेवटी पुन्हा पहिल्यावर जाते. दर तासाला एक काम येते. पहिल्या व तिसऱ्या टप्प्याला 6 मिनिटे, दुसऱ्या व चौथ्या टप्प्याला 40 मिनिटे लागतात. दोन्ही यंत्रे तासातील 46 मिनिटेच व्यग्र असायला हवीत. पण पहिल्या यंत्रावर चौथ्या टप्प्याला आणि दुसऱ्यावर दुसऱ्या टप्प्याला अग्रक्रम दिला, तर चौथा टप्पा चालू असताना नवे काम दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचत नाही आणि दुसरा चालू असताना चौथ्याला काम मिळत नाही. परिणामी हे दोन टप्पे एकाच यंत्रावर असल्यासारखे आळीपाळीने चालतात. तासाला 80 मिनिटांचे काम 60 मिनिटांत बसत नाही, आणि रांग अमर्याद वाढते. ‘आधी येईल त्याला आधी’ हा न्याय्य वाटणारा नियमही काही जाळ्यांत असाच फसतो, हे ब्रॅमसन यांनी 1994 मध्ये सिद्ध केले.

संगणक जाळ्यांतील कोंडीचे कारण निराळे आहे : उशीर झाला की पाठवणारा संगणक तेच पाकीट (माहितीचा तुकडा) पुन्हा पाठवतो आणि भार स्वतःच वाढवतो. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांच्यातील सुमारे 400 यार्डांच्या दुव्यावर वेग सेकंदाला 32,000 बिटवरून 40 बिटवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मांडलेला उपाय असा : थोडी पाकिटे सोडून सुरुवात करायची, पाकिटे मिळाल्याची पोच येत राहील तसे प्रमाण वाढवायचे आणि पाकीट हरवले की ते झपाट्याने घटवायचे. पाकिटे हरवू नयेत म्हणून साठवणजागा मोठी केली तर दुसरीच अडचण उभी राहते. सेकंदाला 10 लाख बिटच्या दुव्यामागे 256 किलोबाइटची साठवण भरली, की मागून येणारे प्रत्येक पाकीट दोन सेकंद रखडते. 2012 मध्ये निकोल्स व जेकबसन यांनी मांडलेली ‘कोडेल’ पद्धत म्हणून रांगेची लांबी मोजत नाही, तर पाकिटाने रांगेत घालवलेला वेळ मोजते. हा वेळ सलग 100 मिलिसेकंद 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला तर ही पद्धत पाकिटे टाकून देऊ लागते, म्हणजे पाठवणारा प्रमाण घटवतो.